दोन बोटांच्या मध्ये

बूट काढून मी उलटा धरला. खडा पडला नाही. आत हात घालून चाचपलं, मोजा काढून झटकला, तळवा वर करून निरखला. काही नाही. तरी पाऊल टेकलं की तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मुळाशी कुणीतरी गोटी ठेवून तिच्यावर मला उभं केलंय, असंच वाटत होतं.

“काय गं, काय झालं?” बाकावरून अण्णांनी विचारलं.

“खडा गेला होता बुटात.”

“निघाला?”

“निघाला.”

मुलींच्या शालेय स्पर्धेतला साधा सामना होता. मध्यंतर संपत आलं होतं. मी नाडी बांधली, शिट्टी ओठांत धरली आणि मैदानात गेले. दुसऱ्या हाफमध्ये तो नसलेला खडा तापत गेला. शेवटी शेवटी तर बोटांच्या फटीत विजेची उघडी तार धरल्यासारखं व्हायला लागलं. पावलागणिक झटका, आणि झटका ओसरला की दोन्ही बोटं बधिर, जणू ती माझी नव्हेतच.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, आणि अकरा वर्षं फुटबॉलची पंच. पुरुषांच्या सामन्यांची. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. पेठापेठांच्या तालमी एकमेकींशी खेळतात. सामन्याच्या दिवशी त्या पेठेतली दुकानं अर्धं शटर ओढून बसतात. हरलेल्या पेठेत त्या संध्याकाळी कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि हरण्याचं खापर हमखास पंचाच्या डोक्यावर फुटतं. पहिली दोन वर्षं मला बाई म्हणून शिव्या बसल्या. नंतर पंच म्हणून बसायला लागल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

मला या कामात आणलं ते अण्णा इंगवल्यांनी. ते आमच्या पंच मंडळाचे प्रमुख. साठी ओलांडलेली, पण आवाज अजून या गोलपासून त्या गोलपर्यंत जाणारा. माझ्याबद्दल ते एकच गोष्ट चांगली बोलत, आणि तीही मी समोर नसताना. “वैजयंती बॉलजवळ असते.” दुसऱ्या कुणाकडून ते माझ्या कानावर यायचं आणि मी आणखी पळायचे. पाय दुखतो म्हटलं की तेवढं एक वाक्य हातचं जाणार होतं. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. सामना संपला की सगळ्यांच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत जायचे, कडी लावायचे, बूट ओढून काढायचे आणि बोटं फाकवून बसायचे.

घरी मात्र लपलं नाही. शशिकांतचं, माझ्या नवऱ्याचं, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. मशीनचा आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचं. एका सकाळी मी जिना उतरत असताना तो खाली स्कूटर पुसत उभा होता.

“किती दिवस झाले?” त्यानं विचारलं.

“कशाला?”

“कठडा धरून उतरायला लागलीस त्याला.”

मी पर्स खांद्यावर घेतली.

“बंद कर म्हणत नाही मी. तसं म्हटलं तर तू मला सोडशील, शिट्टी सोडणार नाहीस. पण कुणाला तरी दाखव.”

डॉक्टर शमीम अत्तार जवळपास माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझं पाऊल हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालून बोटांच्या फटीत रेटलं. आत काहीतरी टक्कन सरकलं. मी टेबलावरून जवळजवळ उठलेच.

“सापडलं,” त्या म्हणाल्या.

“काय आहे?”

“नस आहे. या दोन बोटांकडे जाणारी, दोन हाडांच्या मधून. तुम्ही वर्षानुवर्षं चवड्यावर धावलात, तेही अरुंद बुटात. हाडांमध्ये ती चेंगरत राहिली. चेंगरून चेंगरून जाड झाली, आणि आता जाड झालीय म्हणून आणखी चेंगरते.”

“म्हणजे धावणं बंद?”

“मी तसं म्हटलं का?”

मी मान हलवली. तयारी करूनच आले होते मी, त्या बंद म्हणतील आणि मी भांडेन. भांडायला काही उरलंच नाही.

त्यांनी समजावून सांगितलं. पुढून रुंद असलेले बूट. आत, चवड्याच्या जरा मागे, फेल्टची बदामाएवढी गादी, म्हणजे हाडं फाकतील आणि नसेला जागा मिळेल. सराव निम्मा पायावर, निम्मा पाण्यात आणि सायकलवर. गरज पडली तर इंजेक्शन. आणि अगदीच नाही जमलं तर ऑपरेशन. त्यात ती नस काढून टाकतात, दुखणं जातं पण तेवढी जागा कायमची बधिर राहते. ते ऑपरेशनही पुढे झालं, शिट्टी ठेवल्यानंतर. आज त्या दोन बोटांमध्ये मुंगी फिरली तरी मला कळत नाही.

“आणि सामना चालू असताना कळ आली तर?” मी विचारलं.

“बूट काढायचा. बोटं फाकवायची, चोळायची. दाब उतरला की कळ ओसरते. मग बूट घालायचा आणि पुढे चालू.”

“मैदानात? लोकांसमोर?”

“पायच आहे, वैजयंतीताई.”

“तुम्ही आमच्या मैदानावरचे लोक पाहिले नाहीत.”

“मी कुंभारवेस पेठेतलीच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “माझा भाऊ दर वर्षी तुम्हाला शिव्या देतो.”

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण पाऊल खाली ठेवताना म्हणाल्या, “एक सांगू? हे दुखणं तुम्हाला पाडणार नाही. पाऊल टाकलं म्हणून आत काही तुटत नाही. पण तुम्ही ते लपवण्यात जेवढी ताकद घालताय ना, ती धावण्यातनं जातेय.”

त्या पावसाळ्यात मी सगळं नव्यानं शिकले. बायकांच्या बुटांत तेवढी रुंदी मिळेना, म्हणून पुरुषांचे घेतले. पायात होडी घातल्यासारखे दिसायचे. पहाटे तलावावर पोहायला जायचे, आड दिवशी सायकलनं कळंब्यापर्यंत, पेडल चवड्याखाली न घेता तळव्याच्या मध्यावर ठेवून. पंच उलटं धावतात, खेळाकडे तोंड ठेवून. त्यात सगळा भार चवड्यावर येतो. ते मी सोडलं आणि आडव्या अंगानं, बाजूबाजूनं धावायची सवय लावली. लांब ढांगा टाकायच्या सोडून छोटी, पटपट पावलं टाकायला लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी खेळ वाचायला लागले. चेंडू कुठे आहे याच्यामागे पळण्यापेक्षा तो कुठे जाणार आहे तिकडे आधीच निघायचं. कोण पाय बदलतोय, कोण कुणाकडे बघतोय, कुणाच्या मागे जागा मोकळी आहे. अकरा वर्षं मी पायांनी पंचगिरी केली होती. आता डोळ्यांनाही कामाला लावलं.

दुखणं गेलं नाही. कमी झालं, लांबलं, कधी अख्खा सामना तोंड न दाखवता गेलं. कधी मध्येच आलं. हंगामाच्या सुरुवातीची पंचांची धावण्याची चाचणी मी पार केली. शेवटच्या फेऱ्यांना डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण वेळेत पोचले.

फेब्रुवारीत अंतिम सामना ठरला. कुंभारवेस मंडळ विरुद्ध बुरुजतळ तालीम. यांच्यातला सामना म्हणजे दोन दिवस आधीपासून गावात बंदोबस्त. अण्णांनी मला मंडळाच्या खोलीवर बोलावलं. टेबलावर चहा होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि विचारलं,

“तू उलटी पळायची थांबलीस. कधीपासून?”

मी कप उचलला होता तो तसाच धरला.

“पावसाळ्यापासनं.”

“का?”

“अण्णा...”

“हे बघ. हा सामना मला तुला द्यायचाय. पण आधी एक विचारतो, आणि नीट ऐक. खोटं बोललीस तर काढीन. खरं बोललीस तर काढणार नाही, मग तुझं तू ठरव. पायाला काय झालंय?”

मग मी सगळं सांगितलं. नस, गादी, बूट, पोहणं, चाचणीतले काजवे. शेवटी अण्णांनी विचारलं, “त्या दिवशी मुलींच्या सामन्यात बुटात खडा नव्हताच म्हण.”

“नव्हता.”

“मला वाटलंच. खडा काढणारा माणूस पुन्हा बूट घालताना असं तोंड करत नाही.” ते खुर्चीत मागे रेलले. “जमेल?”

“जमेल.”

“पूर्ण सामना?”

खरं तर इथेही मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते. पण अण्णा माझ्याकडे बघत होते.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“मग ऐक. आपला संग्राम चौथा पंच म्हणून राहील, बूट बांधून, तुझ्या जागी उतरायला तयार. पण मी बाहेरनं बघून तुला काढणार नाही. तुझ्या पायाचं मला काय कळणार? जमेना झालं की तू स्वतः हात वर करायचास. ते तुझ्यावर.”

खोलीतून बाहेर पडताना मला वाटलं होतं हलकं वाटेल. उलट झालं. आता ते ओझं माझं एकटीचं होतं.

सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या भिंतींवरसुद्धा पोरं बसली होती. एका बाजूला कुंभारवेशीचे पिवळे झेंडे, दुसऱ्या बाजूला बुरुजतळाचे निळे. मी मधल्या वर्तुळात चेंडू ठेवला तेव्हा दोन्हीकडून माझ्या नावानं ओरडा झाला. त्यात प्रेम किती आणि दमदाटी किती, हे कळायला मार्ग नव्हता.

पहिला हाफ चांगला गेला. बुरुजतळानं गोल केला, मध्यंतराच्या आधी कुंभारवेशीनं फेडला. पायात नुसती कुणकुण होती. मध्यंतरात मी बूट काढले, बोटं चोळली, पुन्हा घातले.

दुसऱ्या हाफमध्ये खेळ तापला आणि त्याबरोबर नस. आधी गोटी आली. मग तार. चेंडू या टोकाहून त्या टोकाला जात होता आणि मी छोट्या पावलांनी त्याच्या आधी निघायचा प्रयत्न करत होते, पण नजर चेंडूवरून सारखी पायाकडे ओढली जात होती. पलीकडच्या कोपऱ्यात बुरुजतळाच्या खेळाडूनं कुंभारवेशीच्या पोराला खाली पाडलं तेव्हा मी मैदानाच्या मध्याच्याही मागे होते. शिट्टी वाजवली. निर्णय बरोबर होता, लाईनमननंही झेंडा दाखवला. पण कुंभारवेशीचा कप्तान दिग्विजय बावडेकर माझ्याजवळून जाताना थांबला. तो उर्मट मुलगा नव्हता. हळूच म्हणाला, “मॅडम, जरा जवळ या की.”

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी बाजूला पाहिलं. संग्राम रेषेबाहेर उभा राहून गुडघे वर घेत अंग मोकळं करत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. अण्णा त्याच्या मागे बाकावर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम समोरच्या प्रेक्षकांकडे बघत होते. हात वर केला की संपलं. कुणी काही म्हणणारही नव्हतं. हात खिशाशी गेला होता, घड्याळाशी गेला होता. वर काही गेला नाही.

तेवढ्यात मैदानाच्या मधोमध दोघांची टक्कर झाली. कुंभारवेशीचा फॉरवर्ड इंद्रजीत चौगुले आणि बुरुजतळाच्या मधल्या फळीतला एक मुलगा, नडगीला नडगी लागली. मी खेळ थांबवला. दोघांचे लोक औषधाची पेटी घेऊन धावत आले. बुरुजतळाचा मुलगा उठला. इंद्रजीत गवतावर पडून होता, त्याच्या नडगीवर बर्फ लावत होते.

मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि बुटाची नाडी सोडली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बूट निघाला, मोजा निघाला, आणि मी तळवा मांडीवर घेऊन दोन्ही अंगठ्यांनी बोटांच्या फटीत दाबायला लागले, तेव्हा एका बाजूनं हसू सुरू झालं आणि बघता बघता ते सगळ्या मैदानाभर फिरलं.

“मॅडम, तेल आणू काय?”

“घरी जावा, घरी! पोळ्या करा जावा!”

“रेफ्रीला स्ट्रेचर द्या रं कुणीतरी!”

कान तापले. वाटलं, घालावा बूट आणि उठावं. पण बोटांतली तार हळूहळू सुटत होती, खरोखरच सुटत होती, आणि मी चोळत राहिले. इंद्रजीतनं मान वळवून माझ्या उघड्या पायाकडे पाहिलं. वीस-एकवीस वर्षांचा, गावात सगळ्यात चपळ म्हणून नाव असलेला पोरगा.

“मॅडम, तुमाला बी लागलं काय?”

“लागलं नाही. जुनं आहे.”

“लई दुखतंय?”

“दुखतंय.”

त्यानं थोडा विचार केला. “मग काय करायचं? खेळायचं न्हवं?”

“तू खेळणार असलास तर खेळू.”

“म्या तर खेळणारच.”

“मग ऊठ.”

मी मोजा चढवला, बूट घातला, नाडी नेहमीपेक्षा सैल बांधली आणि त्याच्या आधी उभी राहिले. रेषेबाहेर संग्रामनं जॅकेट पुन्हा अंगात घातलं. अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर वळवली.

आता एक गंमत झाली. लपवायचं काही उरलंच नव्हतं. मी लंगडत होते हे सगळ्यांना दिसत होतं, आणि मला दिसत होतं की त्यांना दिसतंय. मग नजर पायाकडून सुटली. चेंडू जिथे जायचा तिथे मी आधी असायला लागले. दुखणं होतंच, पण ते बाजूला बसलेल्या माणसासारखं होतं. बडबड करणारं, पण वाट न अडवणारं.

शेवटची काही मिनिटं उरली होती. एक-एक. बुरुजतळाचा कॉर्नर कुंभारवेशीच्या गोलीनं उडी मारून पकडला. त्यानं मान वर केली, आणि तो कुणाला शोधतोय हे मला कळलं. इंद्रजीत मधल्या रेषेवर एकटा होता. चेंडू गोलीच्या हातातून सुटायच्या आधीच मी निघाले.

जवळजवळ अख्खं मैदान होतं पुढे. छोटी पावलं सोडून दिली; आता ढांगा टाकण्यावाचून इलाज नव्हता. प्रत्येक ढांगेला तार पेटत होती. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, इंद्रजीतनं तो छातीवर घेतला, एक बचावपटू मागे टाकला, दुसरा त्याच्या अंगाला अंग लावून धावायला लागला. दोघं डीमध्ये, गोलपुढच्या चौकटीत, शिरले. मी तिरकी कापत डीच्या रेषेवर पोचले तेव्हा बुरुजतळाच्या मुलानं पाय पुढे केला आणि ऐन क्षणी मागे घेतला. मधून हात जाईल एवढी फट मला दिसली. इंद्रजीत तरीही पडला. छान पडला, दोन्ही हात पसरून.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. “पेनल्टी!”

मी शिट्टी वाजवली, दोन्ही हातांनी ‘नाही’ची खूण केली, आणि खिशातून पिवळं कार्ड काढून इंद्रजीतला दाखवलं. खोटं पडल्याबद्दल.

जे व्हायचं ते झालं. कुंभारवेशीची अख्खी टीम माझ्याभोवती गोळा झाली. वरून पाण्याच्या पिशव्या आणि चपला येऊन पडायला लागल्या. “लंगडीला दिसलं काय!” असा घोष सुरू झाला. पोलिस रेषेपर्यंत आले. दिग्विजय आता हळू बोलत नव्हता.

“मॅडम, तुमी लांब हुता! तुमाला पळवंना झालंय, सगळ्या गावानं बगितलंय! अंदाजानं देताय तुमी!”

पंचानं अशा वेळी मागे सरकायचं असतं. घोळक्यातून बाहेर यायचं, अंतर ठेवायचं. तसं शिकवलंय. मी सरकले नाही. ज्या जागी उभी राहून मी ती फट पाहिली होती, त्याच जागी दोन्ही पाय रोवून उभी राहिले. डावा पाय नुसता जळत होता. मी बोटानं खालची जमीन दाखवली.

“दिग्विजय, मी कुठं उभी आहे बघ.”

“काय?”

“बघ. शिट्टी वाजवल्यापासून मी हललेले नाही. ही डीची रेषा. तो इथं पडला. मोज अंतर.”

तो बघायला लागला. त्याच्यामागचेही बघायला लागले. इंद्रजीत अजून गवतावर बसून होता, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, हाताच्या अंतरावर. पुढं वाकले असते तर मी त्याच्या केसांना हात लावू शकले असते.

तोच उठला. कुल्ल्यावरचं गवत झटकलं, कप्तानाच्या दंडाला धरलं.

“चल दिगू.”

“आरं पण पाय लावला न्हवं त्यानं?”

इंद्रजीतनं माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम हितंच हुत्या. चल.”

दिग्विजय माझ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि आपल्या लोकांना हातानं मागे ढकलत घेऊन गेला.

सामना टायब्रेकरवर गेला आणि कुंभारवेस हरली. शेवटचा गोल झाला तशी बुरुजतळाची माणसं मैदानात उतरली. मी दोन्ही लाईनमनबरोबर खोलीत आले, बाकावर बसले आणि बूट काढले. पाऊल सुजून लाल झालं होतं. ते पुन्हा बुटात जाणं शक्य नव्हतं.

अण्णा आत आले. पाण्याची बादली त्यांच्याच हातात होती. ती माझ्यापुढे ठेवली.

“पाय घाल,” ते म्हणाले.

मी पाय पाण्यात सोडला. ते समोरच्या बाकावर बसले. मग ते म्हणाले, “एवढ्या वर्षांत एवढ्या जवळनं दिलेला निर्णय मी बघितला नाही.” मी समोर असताना म्हणाले.

तेवढ्यात फौजदार दारात आले. “मॅडम, मागच्या दाराला जीप लावलीय. पुढं कुंभारवेशीची पोरं थांबलीत. पाच-सहाशे असतील.”

मागच्या दारापासून जीपपर्यंत खडी पसरलेली होती, नवीन काम चाललं होतं तिथे. पुढे गुळगुळीत डांबरी रस्ता होता, आणि शशिकांत स्कूटर घेऊन तिथेच कुठेतरी असणार होता.

“पुढनं जाते,” मी म्हटलं.

“मॅडम, ऐका माझं.”

“साहेब, पायात काही जात नाही. त्या खडीवरनं मला चालता यायचं नाही.”

फौजदारांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठले, माझे होडीसारखे बूट नाडीला धरून उचलले आणि दरवाजा उघडला.

बाहेर पिवळे झेंडे गुंडाळून पोरं उभी होती. काही फुटपाथवर बसली होती, काही मोटारसायकलींवर. आम्ही दिसलो तसा आवाज बंद झाला. मी अनवाणी, ओल्या पायानं पायऱ्या उतरले. डावं पाऊल टेकताना कळ सरळ गुडघ्यापर्यंत गेली आणि मी थांबले. लगेच चालायला लागायचं, काही झालंच नाही असं दाखवायचं, ही जुनी सवय होती. त्या दिवशी मी थांबले, श्वास घेतला, आणि कळ ओसरेपर्यंत तशीच उभी राहिले. पाच-सहाशे माणसं बघत होती.

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “मॅडम, पाय कसा हाय?”

आवाजात चेष्टा होती की नव्हती, मला कळलं नाही.

“दुखतोय,” मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग आणखी एकानं विचारलं, “आनि फुडल्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी पण दुखेल. आणि येणार.”

कुणीतरी हसलं. हसू मागे मागे पसरत गेलं, पण ते दुपारचं हसू नव्हतं. रस्त्यात आडवी लावलेली एक मोटारसायकल होती, तिच्यावर दोघं बसलेले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “ए, गाडी बाजूला घे की! दिसतंय न्हवं, मॅडम अनवाणी हायत!”

ते दोघं उतरले आणि गाडी ढकलत कडेला घेऊन गेले. वाट मोकळी झाली. मी चालायला लागले, सावकाश, जसं चालता येत होतं तसं.